जित्या माणसाची तेरवी

हिंगणीच्या पलीकडचं आमचं गाव न्यायाच्या बाबतीत कोर्टापेक्षा तत्पर. किसनरावांच्या पियुषनं शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात शेजारच्या बापलेकांना मारलं. खालच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली, आणि ती व्हायच्या आतच गावानं त्याची तेरवी उरकून टाकली.

बंडूजी गावातले जाणते. त्यांचा निवाडा असा, की पोरगा मेला असं घरानं मानलं तरच किसनरावांच्या घरचं पाणी गावाला चालेल. किसनरावांनी मान हलवली. पियुषची बायको मोहिनी तेवढी म्हणाली, की तो माणूस तिकडे तुरुंगात दोन्ही वेळ जेवतो आहे. तिचं कोण ऐकतं? बायांनी तिचं डोरलं तोडलं, कुंकू पुसलं आणि अंगणात पंगत बसली. कढी झकास झाली होती, असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत.

मोहिनी अंगणवाडीत खिचडी शिजवू लागली. लग्नकार्यात तिला मागच्या खोलीत बसवायचे, हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. आधी ती चिडायची, रडायची. हळूहळू तेही सोडलं. मला त्या बायांचा अजून राग येतो.

तिकडे वरच्या कोर्टांतही फाशी कायम झाली आणि पियुषचा दयेचा अर्ज पडून राहिला. तो फेटाळला गेला तोवर त्याचे केस पिकले होते. मग यंदा उच्च न्यायालयानं सांगितलं, की माणसाला एकांत कोठडीत वर्षानुवर्षं रोज मरणाची वाट पाहायला लावणं हीच क्रूर शिक्षा आहे. फाशी रद्द, त्याऐवजी जन्मठेप. निकाल मला पटला. गावाला मात्र घाम फुटला. नवरा जिता आणि बायको विधवा, हा अपशकुन आपणच करून ठेवला, हे आत्ता कुठे लोकांच्या ध्यानात आलं.

तोडगा अर्थात बंडूजींनीच काढला. एका सकाळी ते चार सवाष्णी, हळदकुंकवाचं ताट आणि नवं डोरलं घेऊन अंगणवाडीच्या दारात हजर झाले. मोहिनी तांदूळ निवडत बसली होती. कोर्टानं मोठं मन केलं, आता गावही करतं आहे, असं त्यांनी तिला समजावलं.

"घालून घे बाई. झालं थे झालं."

मोहिनीनं ताटाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"फाशी त्याची रद्द झाली," ती म्हणाली. "माही तं तवाच झालती. तुमी जेवून गेलते."