एरंडेलाची बाटली आणि आमचा वाघ

लागोपाठ तिसरा मुलगा मल्लखांबावरून घसरून मातीत बसला, तेव्हा मी खांबावरून बोट फिरवलं. एरंडेल नुसतं थापलं होतं.

खांबाला एरंडेल लावतातच. अंग सोलपटू नये म्हणून, तेही फडक्याने, बेताने. जास्त झालं की पकड गेलीच. हे माझ्या आखाड्यातल्या लहानात लहान पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी मुद्दाम उद्योग केला होता.

एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. मी सोलापूरच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. गॅदरिंग तोंडावर आलं होतं आणि हेडमास्तर व्हरांड्यातून सगळं बघत होते.

“कोणाचे प्रताप हे?”

“बघतो, साहेब.”

“बघा. आणि बोर्डिंगातला निघाला तर गाठोडं बांधून घरी पाठवा. खोड्या पोसायला बोर्डिंग काढलेलं नाही.”

रांगेत मल्हारी उभा होता. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, बोर्डिंगात राहणारा, माझा सगळ्यात तयार गडी. त्याची पाळी अजून यायची होती, तरी हात कोपरापर्यंत तेलाने चमकत होते. मी मनात म्हटलं, घ्या आता.

बाकीच्यांना घालवून त्याला थांबवलं.

“का रे?”

त्याने तेलाचे हात पाठीमागे घेतले. मग म्हणाला, “मास्तर, सुईदोरा जमंना झालाय मला.”

सुईदोरा हा मल्लखांबावरचा एक अवघड प्रकार. सुईत दोरा ओवावा तसं आपलं अंग आपल्याच हातांच्या पकडीतून काढायचं. गॅदरिंगला तो मल्हारीच करणार, असं हेडमास्तरांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

“जमत नाही तर सांगायचं.”

“कसं सांगू? समदी वाघ म्हन्त्यात. नुसता पडलो तर म्हन्तील, ह्याला येतच न्हाय. तेलानं पडलो तर तेलाचं नाव हुतंय की.”

“आणि त्यात दुसऱ्या कोणाचा हात मोडला असता म्हणजे?”

तेव्हा तो रडला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण कीव त्याहून जास्त आली.

आमच्या आखाड्यात जुन्या वस्तादांपासून एक रीत चालत आली होती. पडला तो त्या दिवसापुरता बाद, त्याने कडुलिंबाखाली जाऊन बसायचं. मुलांनी लक्ष द्यावं म्हणून काढलेली रीत. मल्हारीने त्यातून भलतंच उचललं. येतं तेवढंच करायचं, म्हणजे लिंबाखाली बसावं लागत नाही. कित्येक महिन्यांत त्याने नवीन काही धरलंच नव्हतं, आणि आम्ही ‘हा कधी पडत नाही’ म्हणून त्याची पाठ थोपटत होतो.

हेडमास्तरांना मी सगळं सांगितलं.

“गाठोडं,” ते म्हणाले.

“साहेब, गॅदरिंगपर्यंत थांबा. पडला तो बाद, ही रीत मी बंद करतोय. पडला की तिथंच पुन्हा चढायचं.”

“आणि पाहुण्यांसमोर पडला तर?”

“पाहुण्यांसमोर चढेल.”

“नाही चढला तर दुसऱ्या दिवशी घरी जाईल. सांगून ठेवा त्याला.”

सांगितलं. मल्हारीने राख लावून खांब घासला आणि त्याच संध्याकाळपासून पडायला लागला. पोरं आधी हसली, मग त्यांनाही सवय झाली. ‘जमलं का’ असं मी एकदाही विचारलं नाही. ‘आज कुठपर्यंत आलास?’ एवढंच विचारायचो. उत्तर रोज थोडं पुढे सरकत होतं.

गॅदरिंगला त्याचा बाप घोंगडी पांघरून मागे उभा होता. पोरगं उद्या आपल्याबरोबर परत येईल की काय, हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. मल्हारी चढला, अंग अर्धं ओवलं, आणि धाडकन मातीत आला.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मल्हारी उठला आणि थेट कडुलिंबाकडे चालू लागला. संपलं, मी म्हटलं. सगळी मेहनत पाण्यात, आणि पोरगं मेंढरांमागे.

लिंबाच्या फांदीवर त्याचा पंचा टांगलेला होता. त्याने तो ओढला, हात खसाखसा पुसले, पंचा तिथंच टाकला आणि परत येऊन खांबाला भिडला.

या खेपेला तो पार झाला. पाय वाकडे, चेहरा लालबुंद, पण पार झाला. माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसायला मला पाठ फिरवावी लागली.

“फारसं सुबक नव्हतं,” शेजारून हेडमास्तर म्हणाले.

“नव्हतं, साहेब.”

“पुढच्या वर्षी होईल?”

म्हणजे पोरगं पुढच्या वर्षी इथंच असणार होतं. “होईल,” मी म्हटलं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी दोन गोष्टी पाळल्या. एरंडेलाची बाटली माझ्या कपाटात कुलपात ठेवली, आणि कुठल्याही पोराला वाघ म्हटलं नाही.