वैजनाथ सरांच्या उन्हाळी फेऱ्या

संग्रामपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात वैजनाथ सर अकरा वर्षं मराठी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवले तेवढ्यापुरते ते कॉलेजचे. घंटा झाली की त्यांचा आणि कॉलेजचा संबंध संपला. उन्हाळ्यात तास नसत, म्हणून उन्हाळ्यात ते कोणीच नसत. मग जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि टेबलापलीकडून "आपलं पूर्ण नाव सांगा" असं गंभीरपणे विचारणारे तेच प्राचार्य भगवंतराव, ज्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका वैजनाथ सरांनीच लिहून दिली होती.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका दुपारी भगवंतरावांनी शिपाई पाठवून बोलावलं आणि "या, प्रोफेसर" म्हणून खुर्ची दाखवली, तेव्हाच काहीतरी काम गळ्यात पडणार हे सरांनी ओळखलं.

"विद्यापीठाचं पत्र आलंय," भगवंतराव म्हणाले. "दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उन्हाळ्यात एकशेवीस तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं. इंटर्नशिप. चार क्रेडिट आहेत त्याला. आपल्याला इंटर्नशिप सेल उघडावा लागेल."

"सर, हे कॉमर्सच्या लोकांकडे दिलं तर..."

"त्यांना पेपर तपासायचे आहेत. सायन्सवाल्यांना प्रयोगशाळा आहे. तुम्हाला काय आहे?"

"शिवाय सगळा पत्रव्यवहाराचा मामला," भगवंतराव समजुतीने म्हणाले, "त्याला भाषेचाच माणूस लागतो." आणि जिन्याखाली एक टेबल, एक कुलूप नसलेलं कपाट आणि इंग्रजीत रंगवलेली पाटी अशा थाटात सेल उघडला. उद्घाटनाचा नारळ फोडला भगवंतरावांनी. करवंट्या गोळा केल्या वैजनाथ सरांनी.

सरांनी काम मनावर घेतलं, हा त्यांचा जुना दोष. पुणे, नागपूर, संभाजीनगर इथल्या साठ कंपन्यांचे पत्ते त्यांनी इंटरनेटवरून काढले आणि साठ पत्रं लिहिली. 'आमचे विद्यार्थी मातीशी नाळ जोडलेले असून' अशी सुरुवात त्यांनीच तीनदा वाचली आणि तीनही वेळा त्यांना ती आवडली. महिन्याभरात तीन उत्तरं आली. एकात साहेब रजेवर असल्याचं यंत्रानेच कळवलं होतं. दुसऱ्यात कॉलेजसाठी पाण्याची टाकी घ्याल का, अशी विचारणा होती. तिसऱ्या कंपनीने मात्र सगळ्या अडतीस विद्यार्थ्यांना आनंदाने निवडलं होतं. घरबसल्या इंटर्नशिप, शुल्क भरताच प्रमाणपत्र, वर सोनेरी शिक्का.

"शुल्क आपण भरायचं?" त्यांची बायको पद्मजा म्हणाली. सोनाळ्याला घराच्या पुढच्या खोलीत ती मुलांच्या शिकवण्या घेई. "म्हणजे काम आपण करायचं नाही आणि पैसे पण आपणच द्यायचे? तुमच्या नोकरीपेक्षाही भारी आहे हे."

मुलांकडून बायोडेटे मागवले, तर अडतीसच्या अडतीस एकाच साच्यातले. सगळ्यांचं ध्येय 'नामांकित बहुराष्ट्रीय संस्थेत गतिमान भूमिका' हे होतं आणि सगळ्यांचा छंद पोहणे. खाऱ्या पाण्याच्या विहिरींच्या या पट्ट्यात एवढे पोहणारे असतील याची सरांना कल्पना नव्हती. त्यांनी एक दिवस सगळ्यांना बसवून, इंटरनेटवरूनच उतरवून घेतलेलं भाषण दिलं. ओळखी वाढवा, स्वतःचं प्रोफाइल तयार करा, आपली छाप पाडा. मागच्या बाकावरून गोपालनं हात वर केला. "सर, तुमचं प्रोफाइल हाय का?"

नव्हतं. तास लवकर सुटला.

मार्चच्या शेवटी ते भरडायला टाकलेल्या तुरीची डाळ आणायला शेषरावांच्या दालमिलवर गेले. शेषराव सातवी शिकलेला, आवाजाने मिलच्या यंत्राला मागे टाकणारा माणूस. गावोगावचे लोक आपापली तूर पोत्यात आणून टाकत, वर नावाची चिठ्ठी बांधत, आणि आठ-दहा दिवसांनी डाळ न्यायला येत. चिठ्ठ्या वाऱ्याने, उंदरांनी आणि हमालांच्या तंबाखूच्या पुड्यांनी नाहीशा होत. सरांचं पोतं गायब होतं. त्यांची डाळ वैजनाथ नावाचा दुसराच कोणीतरी घेऊन गेला होता.

"मास्तर, काय सांगू तुमाले," शेषराव वैतागून म्हणाला, "रोज दोन-चार भांडणं होऊन राह्यली. डाळ करू का पोते शोधू? एक ध्यान देणारा माणूस भेटत नाई."

सरांच्या डोक्यात काहीतरी हललं. "मी देतो ना. कॉलेजची मुलगी. सहा आठवडे. रोज चार तास."

"पगार काय घेईन?"

"काही नाही. फुकट."

शेषरावाचा चेहराच बदलला. त्याने खुर्ची जवळ ओढली. "फुकट काऊन? कोण पाठवून राह्यलं तिले? जीएसटीवाल्यानं?"

"अहो, शिकायला येईल ती. त्याला इंटर्नशिप म्हणतात."

"पोते मोजाले शिकाले कोणी कॉलेजात जाते का?" शेषराव म्हणाला. पण गोंधळ एवढा होता, की दुसऱ्या दिवशी पाठवा, पाहतो, एवढं तरी कबूल झालं.

सरांनी काजलला निवडलं. ती सोनाळ्याचीच. अंगाने किरकोळ आणि आवाजाने त्याहून किरकोळ. तुला काय येतं असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "मले काईच येत नाई सर." बरंच खोदल्यावर कळलं, की गल्लीतल्या चाळीस घरांचे पीकविम्याचे अर्ज आणि रेशनकार्डाची कामं ही मुलगी आपल्या फोनवरून करते, आणि कोणाचं काय अडलंय हे लक्षात राहावं म्हणून एका वहीत रकाने आखून ठेवते. बायोडेटात यातलं काहीच नव्हतं. तिथे पोहणं होतं.

पहिल्या दिवशी सर सोबत गेले. काजलने डोळे मिटून पाठ केलेलं सुरू केलं, "महोदय, आपल्या नामांकित संस्थेत एक गतिमान..." शेषराव सरांकडे बघून म्हणाला, "हे आजारी हाय का?"

काजल थांबली. तिने आवारात पसरलेल्या पोत्यांकडे एकदा पाहिलं. मग तिच्या घरच्या भाषेत म्हणाली, "काका, हा तुमचा पोत्याईचा घोळ मी आठ दिवसात मिटवीन. नाई मिटला त हाकलून द्या."

"हे बोल ना वं आधी," शेषराव म्हणाला, "बस तिकडं."

घरी परतताना गाडीवर सर त्या एका वाक्याचाच विचार करत होते. साठ पत्रांत त्यांनी 'संधी' मागितली होती. संधी कोणाच्या दुकानात शिल्लक नसते. पण दुकानात काहीतरी अडलेलं असतं, आणि ते बाहेर उभं राहून थोडा वेळ पाहिलं तर दिसतं. त्यांनी भाषण फाडून टाकलं आणि मुलांना नवीनच काम लावलं. तालुक्यात फिरा, एका जागी तासभर उभे राहा, काय अडतंय ते बघा, मग आत जाऊन तेवढं एकच काम मागा. मी सोबत येईन, पण बोलायचं तुम्ही.

एप्रिलच्या उन्हात डोक्याला उपरणं गुंडाळून त्यांनी संग्रामपूर, सोनाळा आणि आजूबाजूची गावं पालथी घातली. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये दोन मुली लागल्या; तिथे रिपोर्ट तयार असूनही लोक तासनतास ताटकळत. अंबूबाईंच्या रोपवाटिकेत एकीने रोपांच्या वाफ्यांना नावाच्या पाट्या लावल्या, तोवर अंबूबाई वांग्याची आणि मिरचीची रोपं वासावरून ओळखून विकत होत्या, आणि कधीकधी चुकत होत्या. फोटो स्टुडिओ, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरचं शोरूम, सगळीकडे कोणी ना कोणी चिकटलं. सगळंच गोड झालं नाही. एक मुलगा तिसऱ्या दिवशी मालकाशी भांडून निघून आला; त्यात चूक मालकाची होती, म्हणून सरांनी त्याला दुसरीकडे लावलं. गोपाल वजनकाट्यावर लागला आणि सहा आठवडे तिथल्या कूलरसमोर झोपला. पण मालक त्याच्यावर खूश होता, कारण बऱ्याच वर्षांनी पत्ते खेळायला त्याला जोडीदार मिळाला होता.

सदतीस मुलं अशी मार्गी लागली. अडतिसावा चिन्मय, भगवंतरावांचा भाचा. त्याने सोनेरी शिक्क्याच्या कंपनीचं शुल्क भरलं आणि उन्हाळाभर खामगावला चुलतबहिणींच्या लग्नांत वाढप केलं.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाची समिती तपासणीला आली. पहिल्यांदा त्यांच्या हाती चिन्मयचं प्रमाणपत्र लागलं. जाड कागद, अनुक्रमांक, कंपनीच्या संचालकांची वळणदार सही. समितीचे अध्यक्ष ते प्रकाशात धरून बराच वेळ बघत राहिले. "उत्तम," ते म्हणाले. "असं काम व्हायला हवं."

मग काजलचं निघालं. शेषरावाने ते मिलच्या बिलबुकाच्या पानावर लिहून दिलं होतं. 'काजल हिने आमच्या मिलवर सहा हप्ते काम केले. आता पोती सापडतात.' खाली सही आणि डाळीच्या भुकटीचा पिवळा अंगठा.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र आहे सर," वैजनाथ सर म्हणाले. "मुलीने टोकनची पद्धत बसवली. भांडणं बंद झाली तिथली."

"ते असेल. पण लेटरहेड कुठे आहे? उद्योगाचा जावक क्रमांक? मार्गदर्शकाची शैक्षणिक पात्रता?"

"सातवी."

अध्यक्षांनी चष्मा काढला. सदतीस मुलांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात रीतसर कागद आले नाहीत तर चार क्रेडिट गेले. भगवंतराव समितीला काजूकतली देत होते. समिती गेल्यावर ते सरांना एवढंच म्हणाले, "वैजनाथराव, तुम्ही आमची फार अडचण केली." 'प्रोफेसर' म्हणायचं ते त्या दिवशी विसरले.

मग पंधरा दिवस एक वेगळीच धावपळ झाली. स्टुडिओत काम केलेल्या मुलाने संगणकावर लेटरहेड काढायला घेतले. काजलने वहीत रकाने आखले आणि कोणाचं आलं, कोणाचं राहिलं ते लावून धरलं. शेषरावाने डाळीच्या दाण्यांचं बोधचिन्ह हवं म्हणून हट्ट धरला. अंबूबाईंनी आपल्या नावापुढे 'व्यवस्थापकीय संचालक' पाहिलं आणि विचारलं, "हे कोण बाई हाय?" तीच मिल, तीच रोपं, तोच काटा, पण प्रत्येकाला आता जावक क्रमांक होता. समितीने सगळे कागद मान्य केले. वर शेरा मारला, की ग्रामीण भागात उद्योगक्षेत्राचा असा झपाट्याने झालेला विकास कौतुकास्पद आहे.

दिवाळीनंतर कॉलेजला उत्कृष्ट इंटर्नशिप सेलचं मानचिन्ह मिळालं. ते स्वीकारायला भगवंतराव गेले. त्याच आठवड्यात मराठीची पूर्णवेळ जागा निघाली. वैजनाथ सरांनी अर्जासोबत जोडायला अनुभवाचा दाखला मागितला.

"अनुभव आहे हो तुम्हाला, कोण नाही म्हणतं?" भगवंतराव मनापासून म्हणाले. "पण तासिकेचा अनुभव आमच्या नियमात बसत नाही. दाखला कशाच्या आधारावर देऊ?"

सर घरी आले तेव्हा पद्मजाने चेहरा पाहून चहा टाकला. कप हातात घेत ते म्हणाले, "या वर्षी मी सदतीस जणांना अनुभवाचे दाखले मिळवून दिले."

"मग अडतिसावा तुमचा तुम्हीच करून घ्यायचा," पद्मजा म्हणाली. "लेटरहेड आहे का आपल्या घराचं?"

दोघंही हसले. पण सरांना आतून फार लागलं होतं आणि तिला ते कळत होतं.

ती जागा अमरावतीच्या एका तरुणाला मिळाली. भला मुलगा होता. इंटर्नशिप सेलचं काम सांगितल्यावर त्याने नम्रपणे नियम दाखवला, की नोकरीच्या पहिल्या, परिविक्षेच्या काळात जादा काम देता येत नाही. फेब्रुवारीत शिपाई पुन्हा वैजनाथ सरांकडे आला.

"या, प्रोफेसर," भगवंतराव म्हणाले. "सेल तुमचाच. शेषरावांचा फोन होता, दोन मुली हव्यात म्हणे. अंबूबाई तर स्वतः येऊन गेल्या."

सर बसले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात उंबऱ्यावर अडखळणाऱ्या किती मुलांना त्यांनी सांगितलं होतं, की गोल गोल बोलू नका, एकच गोष्ट मागा. आता उंबऱ्यावर ते स्वतः उभे होते.

"सर, मला लेखी आदेश हवा. समन्वयक म्हणून. जावक क्रमांकासकट. गेल्या वर्षापासूनचा."

भगवंतरावांनी बारा वर्षांत या माणसाला असं ठणकावून काही मागताना पाहिलं नव्हतं. ते बावरले. दाराबाहेर रक्त तपासणाऱ्या लॅबचे मालक यंदासाठी मुलं मागायला येऊन बसले होते आणि ते काचेतून दिसत होते. भगवंतरावांनी घंटी वाजवून टंकलेखकाला बोलावलं.

आदेश चार ओळींचा होता. शेवटची ओळ 'मानधन : निरंक' अशी होती. पद्मजाने तो दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्ही आता लेखी फुकट," ती म्हणाली.

"हो," वैजनाथ सर म्हणाले, "पण पुढच्या जाहिरातीला जोडता येईल. प्रशासकीय अनुभवाचा रकाना आहे त्यात."

त्यांनी आदेशाच्या पाच झेरॉक्स काढल्या. काजल आता तिसऱ्या वर्षाला होती आणि सकाळच्या वेळात शेषरावाच्या मिलवर पगारी नोकरीत होती. तिने त्या पाहिल्या आणि म्हणाली, "सर, मूळ कागदाले लॅमिनेशन करू नका. तपासणीत चालत नाई."