शाबूत नाकाचा शोध

"साहेब, वास येतोय का?" कुसुमताईंनी दुधाच्या कॅनचं झाकण माझ्या नाकाखाली धरलं.

मी छाती भरून श्वास घेतला. म्हणजे घ्यायला गेलो. फुर्र असा आवाज झाला, बाकी काही नाही.

"नाही येत."

"मला बी न्हाई," असं म्हणून त्या पदरात दणदणीत शिंकल्या.

मी सहकारी दूध संघाचा सुपरवायझर. दिंद्रुडकडच्या या गावात कुसुमताई दूध संस्थेच्या सेक्रेटरी. लोकांना वाटतं डेअरीत सगळं मशीन करतं. फॅट मशीन सांगतं, खरंय. पण आंबायला लागलेलं दूध आधी नाकाला कळतं. म्हणून झाकण उघडलं की पहिला वास. संशय आला तर चमचाभर उकळून बघायचं, फाटलं तर परत. प्रत्येकाचं उकळत बसलो तर दूध न्यायला येणारी संघाची गाडी निघून जाते. आणि एका घरचं आंबूस दूध मोठ्या कॅनमध्ये गेलं की सगळ्यांचंच नासतं.

त्या आठवड्यात या गावाचे दोन कॅन नासून परत आले होते. सकाळीच मॅनेजरसाहेबांचा फोन.

"आज तिसरा आला तर त्या गावाची गाडी बंद."

"सर, दुष्काळ आहे. लोकांकडे दुसरं काही..."

"दुष्काळ मलाही दिसतो. तुमचं नाक कुठंय?"

"चोंदलंय सर."

फोन कट.

गाडी बंद म्हणजे काय, हे मला दूध घालायला आलेल्यांच्या रांगेकडे बघून कळत होतं. रब्बी करपली होती. ऊसतोडीला गेलेली जोडपी अजून परतली नव्हती. घरी म्हातारी माणसं, नातवंडं आणि एखादी म्हैस. दर दहा दिवसांनी मिळणारा दुधाचा पगार हाच त्यांचा किराणा.

मग मी ठरवलं, गावात एक तरी शाबूत नाक असेल, ते शोधायचं. कुसुमताईंच्या घरून हिंगाची डबी मागवली. राजवैद्याच्या थाटात रांगेतून निघालो. "डोळे मिटा. काय आहे?"

"चहा पत्ती?"

"साबन हाय का?"

संस्थेचे चेअरमन तात्या बराच वेळ हुंगून म्हणाले, "उदबत्ती. लई चांगली हाय."

अख्खं गाव पडशानं बसलेलं. रांगेच्या टोकाला, सगळ्यांपासून दोन हात लांब, एक म्हातारे आपली बरणी धरून उभे होते. त्यांच्यासमोर डबी नेली, तर ते मागे सरले.

"हिंग हाय. अन् तुमी सकाळी लसनाची चटनी खाल्ली."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. हे बप्पा. संस्थेच्या निवडणुकीत तात्यांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तेव्हापासून तात्यांच्या धाकानं त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"त्याला दुधाला हात लावू द्यायचा न्हाई!" तात्या गरजले.

"तात्या, हात नाही, नाक लावायचंय. गाडी यायची वेळ झालीय. तुमचं नाक देता का?"

तात्या बाजूला सरकले. बप्पा मुकाट पुढे आले. झाकण उघडायचं, हुंगायचं, मान हलवायची. बरण्या सरकत गेल्या. एका बरणीपाशी ते थांबले. पुन्हा हुंगलं.

"हे आंबलंय."

बरणी तात्यांची होती.

कुसुमताईंनी शिंकसुद्धा दाबली.

"राजकारन करतो काय बे?" तात्या अंगावर धावून आले.

"राजकारनाला असा वास येत न्हाई, तात्या. उकळून बघा."

मी स्टोव्ह पेटवला. तात्यांचं दूध भांड्यात घातलं. सगळे वाकून बघायला लागले. दूध तापलं, थरथरलं आणि फाटून चोथा-पाणी झालं.

तात्या भांड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "टँकर आला नव्हता. बरनी नुसती पुसून घेतलीती." उरलेलं दूध त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलं. एका म्हातारीनं बप्पांच्या पाठीवरून हात फिरवला.

गाडी गेली. दुपारी संघाच्या शीतकरण केंद्रावरून निरोप आला, सगळे कॅन पास.

निरोप ऐकून तात्यांनी तळहातावर तंबाखू मळली आणि पहिल्यांदाच तो हात बप्पांपुढे केला. बप्पांनी चिमूट घेतली, मग मागोमाग सगळ्यांनी. मी डोळे पुसले. भावनेनं आणि पडशानंही.

चार दिवसांनी परत गेलो. बप्पा ओट्यावर मफलर गुंडाळून बसलेले. नाक लाल.

"साहेब, कशाचाच वास येत न्हाई वो!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा माणूस इतके दिवस ठणठणीत का होता? पडसं हातानं फिरतं. शिंकताना हातावर येतं, तोच हात पुन्हा नाका-तोंडाला लागतो. इथं तर एकाच तळहातावरून सगळ्यांची चिमूट, एकच तांब्या, खिळ्याला एकच टॉवेल. वाळीत टाकल्यामुळे बप्पा त्या सगळ्यातून वाचले होते. आम्ही समेट केला आणि गावातलं शेवटचं नाक घालवलं.

मी साबणाचं नाव काढताच तात्या म्हणाले, "टँकरचं पानी प्यायला पुरंना, हात कावून धुवायचे?"

प्रश्न खरा होता. म्हणून जुन्या कॅनला बारीक तोटी बसवली. खाली बादली. करंगळीएवढी धार, साबण लावला की तेवढ्यात हात स्वच्छ होतात. बादलीतलं पाणी अंगणात सडा मारायला. टॉवेल काढून टाकला, ज्यानं त्यानं आपला रुमाल आणायचा. शिंक आली तर कोपरात. तांब्याऐवजी माठात लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं, पाणी वरून ओंजळीत घ्यायचं, म्हणजे पाण्यात बोटं नकोत आणि तोंडही लावायला नको. पहिली बरणी घ्यायच्या आधी कुसुमताई सगळ्यांचे हात बघायच्या, तात्यांचे जरा जास्त वेळ.

पडसं गावातून कायमचं गेलं नाही. ते जात नसतं. पण सगळं गाव एकदम चोंदलं असं पुन्हा झालं नाही आणि गाडी चालू राहिली.

तात्या-बप्पा आता संस्थेच्या ओट्यावर शेजारी बसतात. तंबाखू दोघांनीही सोडावी असं मी दर खेपेला सांगतो. ते दर खेपेला मान हलवतात आणि मग ज्याच्या त्याच्या तळहातावर मळतात. माझ्या नोकरीत एवढं यशही पुष्कळ झालं.