जंगलात हरवलेली चार माणसं

एका रविवारी सकाळी मी एकटाच जंगलात गेलो आणि चार माणसं हरवून बाहेर आलो.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव निखिल नोकरीसाठी जर्मनीला गेले आणि जाताना डोंगरात चालवायची एकवीस गिअरची सायकल करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये माझ्या गळ्यात टाकून गेले. (तोवर गिअर मी फक्त रिक्षात मागे बसून ऐकले होते.) माझी बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मी निवृत्त. दोन खोल्यांत मी आणि सायकल, दोघंही भिंतीला टेकून. एक दिवस तिच्यावरची धूळ पुसली, दुसऱ्या दिवशी हवा भरली, आणि महिनाभरात मला वेडच लागलं. झाडांमधून उतारावर सायकल सोडली की घरी कोणी वाट बघत नाही, हे तासभर विसरायला व्हायचं.

निखिलला मात्र धास्ती. "बाबा, जंगलात एकटे जाता?"

"छे रे! ग्रुप आहे आमचा. पाच जण."

"मग काहीतरी पुरावा पाठवा. एकटे जात असाल तर सायकल मी मित्राला देऊन टाकणार."

सायकल गेली तर रविवार गेला, आणि माझ्याकडे आठवड्यात तेवढाच एक वार शिल्लक होता.

वनखात्याच्या नाक्यावर टेबलाला सुतळीने बांधलेली एक वही असते. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ त्यात लिहायची, बाहेर पडताना पुन्हा वेळ टाकायची. त्या रविवारी गार्ड मागे चहा ठेवत होता. "काका, तुमीच लिवा," तो तिथूनच म्हणाला, आणि माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. माझ्या नावाखाली मी देशपांडे, ठाकूर आणि मुल्ला ही ऑफिसातल्या जुन्या मित्रांची नावं लिहिली. (पहिला पुण्याला मुलीकडे, दुसरा उरणला गुडघे धरून, तिसरा आखातात नातवंडं सांभाळतोय. कागदावर का होईना, एकत्र आलो.) पाचवं नाव सुचेना. तेवढ्यात गार्डची चाहूल लागली, म्हणून हाताला आलं ते लिहून टाकलं. पानाचा फोटो काढला, निखिलला पाठवला आणि आत सटकलो.

दोन तासांनी घामाघूम होऊन बाहेर आलो, तर गार्ड वही उघडून उभा.

"काका, बाकीची मानसं?"

"येतायत मागून."

खरं बोलायची ती उत्तम वेळ होती. मी ती घालवली. त्याने मला चहा पाजला, अर्धा तास वाट बघितली आणि मग मोठ्याने वाचायला लागला. "देशपांडे, ठाकूर, मुल्ला, सुनंदा. बाई बी हाय तुमच्यात?"

मी कप खाली ठेवला. वहीत डोकावलो. माझ्याच अक्षरात माझ्या बायकोचं नाव होतं.

"बाई हाय म्हंजे थांबून चालनार नाय." त्याने शिट्टी फुंकली. पाड्यावरून सहा जण काठ्या घेऊन आले. आता सांगतोच, असं मी ठरवलं, एवढ्यात एकाने विचारलं, "बाईंनी काय घातलंय?"

"हिरवी साडी," मी म्हणालो.

"सायकलवर?"

"तिला तीच आवडते."

झालं, सगळे जंगलात घुसले आणि त्यांच्यामागे मी. "ओ सुनंदाताई!" अशा हाका चहूकडून सुरू झाल्या. (देशपांड्यांना कुत्रं विचारत नव्हतं.) तीन वर्षांत तिचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. माझ्या घरात घेणार तरी कोण? आणि इथे सहा अनोळखी माणसं गळा फाडून तिला बोलवत होती. त्यांनी थांबूच नये असं मला वाटायला लागलं. लाज गुंडाळून मीसुद्धा एक हाक मारली.

पण एक जण दरीत उतरू लागला तेव्हा मला राहवेना. "थांबा हो. खाली कोणी नाही. मी एकटाच आलोय."

गार्ड माझ्याजवळ आला. "मंग ही बाई कोन?"

"बायको. तीन वर्षांपूर्वी गेली."

मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "काका, म्होरल्या रविवारी एकलंच नाव लिवा. यायला येळ झाला तर आमी येतो बघायला."

परतीच्या वाटेवर निखिलचा फोन आला.

"बाबा, तुमच्या ग्रुपमध्ये आई पण आहे?"

मी सायकलवरून उतरलो आणि कडेला उभा राहिलो. मग तोच म्हणाला, "सायकल ठेवा. पण निघताना मला फोन करायचा, आणि परत आल्यावरही."

एका खोट्यासाठी मी चार साक्षीदार उभे केले होते. तिघांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. चौथीने मला त्याच दिवशी पकडून दिलं. हयात असतानाही माझी एकही थाप तिने कधी पचू दिली नव्हती.