कुसुमताईंच्या खोलीतला कॉम्प्युटर

नागपुरात बेसा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये एसी एकाच खोलीत आहे, आणि ती खोली मुलगा अंकुश आणि सून मेघाची. घरातली जी वस्तू चांगली, ती उन्हाळ्यात त्या खोलीत जाते. टीव्ही असाच गेला. "आई, मे महिन्यापुरता नेतो, गारव्यात बसून सगळेच पाहू," अंकुश म्हणाला होता. सगळ्यांनी पाहिलाही, काही दिवस. मग दार लोटलं जाऊ लागलं, मग आतून लागू लागलं. पाऊस आला, थंडी आली. कुसुमताईंच्या भिंतीवर टीव्हीच्या जागी चार भोकं राहिली. रंगाऱ्याला त्यांनी ती बुजवू दिली नाहीत.

कुसुमताई परिचारिका होत्या. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर त्यांची सगळी नोकरी झाली. नवरा धम्मानंद कोराडीच्या वीजकेंद्रात होता. तो गेला, क्वार्टर सुटलं आणि त्या मुलाकडे आल्या. जन्मभर त्यांनी सांभाळून केलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. दुसऱ्याचा ताप, दुसऱ्याचं मूल, दुसऱ्याच्या दंडातली शीर. हात थरथरू द्यायचा नाही, थेंब सांडू द्यायचा नाही.

एका रविवारी अंकुशनं गंमत म्हणून आपल्या लॅपटॉपवरचा गाड्यांचा खेळ त्यांच्यासमोर ठेवला. निळी गाडी, घाटाचा रस्ता, पाऊस. पहिल्याच वळणावर त्या दरीत गेल्या. गाडी कोलांट्या खात खाली चालली होती आणि कुसुमताई तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोट दुखेपर्यंत. पडदा काळा झाला. त्यावर प्रश्न उमटला: पुन्हा? चुकल्यानंतर असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी बटण दाबलं.

मग त्यांना नादच लागला. पण लॅपटॉप एसीच्या खोलीत असायचा. दार ठोकायचं, विचारायचं, अंकुश मिहान भागातल्या ऑफिसातून आलेला असला तर परत फिरायचं. एकदा दार ठोकायला हात उचलला आणि आतून मेघाचा आवाज आला. ती फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, खरंच! आमच्या सासूबाई. गाड्या उडवतात. लहान पोरासारख्या रुसतात पण, नाही दिलं तर." त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कुसुमताईंनी तरी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मले माया कॉम्प्युटर पायजे. गाड्यांचा खेळ चालन असा."

"काहून?" अंकुशनं घास थांबवला.

"खेळाले."

"आहे ना लॅपटॉप."

"तो तुया हाये."

एवढंच. पेन्शन त्यांची होती, त्यामुळे वाद घालायला जागा कमी होती. दसऱ्याची दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली त्या आठवड्यात मायलेक बर्डीच्या बाजारात गेले. अंकुशच्या ओळखीचं दुकान होतं. मालक आयुष, पस्तिशीचा, सुटे भाग विकायचा आणि गिऱ्हाईक म्हणेल तसा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. तो अंकुशशीच बोलू लागला.

"किसके लिए बनवायचं आहे, भैया?"

अंकुशनं इकडेतिकडे पाहिलं. "आईच्या बोटांना व्यायाम पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलं."

"कोणत्या डॉक्टरनं गा?" कुसुमताई म्हणाल्या. "माया बोटाले काय झालं? खोटं काहून बोलतं?" मग आयुषकडे वळल्या. "मले गाड्या पळवाच्या हायेत. तसं सामान दाखवा."

आयुष हसला. "कितने स्पीड से, आंटी?"

"दरीत जाईन इतक्या."

आता तो त्यांच्याशी बोलू लागला. एक जोडलेला कॉम्प्युटर चालू करून त्यानं गाड्यांचाच खेळ लावला. कुसुमताई पुढे वाकल्या. हा तोच घाट होता आणि तो नव्हता. काचेवर पडलेला थेंब थरथरत खाली ओघळत होता, ओल्या डांबरात समोरच्या गाडीचा लाल दिवा लांबट होऊन पसरत होता, दरीतलं धुकं हलत होतं. लॅपटॉपवर हे सगळं करड्या पुसटपणात बुडून जायचं.

"हे या कार्डाचं काम आहे," आयुषनं वीटभर आकाराचं ग्राफिक्स कार्ड काउंटरवर ठेवलं. "पूरा चित्र हेच बनवते. बस, गरम लय होते. नागपूरचा मे महिना, आंटी. एसीवाल्या रूममध्येच ठेवा लागते."

"आमच्या खोलीत एसी आहे," अंकुश चटकन म्हणाला. "तिथंच ठेवू. काही प्रश्नच नाही."

तो मनापासून बोलला होता. त्याच्या डोक्यात टीव्ही आलासुद्धा नव्हता. कुसुमताईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं, थेंबाकडे.

"हे उचला," त्या म्हणाल्या.

"पॅक करू?"

"नाही. बाजूले ठेवा. एसी नसलेल्या खोलीत चालन असं दाखवा."

"आई, एकदाच घेतो ना आपण," अंकुश म्हणाला. "चांगलं घे."

"चांगलं म्हणजे कोणाच्या खोलीतलं?"

आयुषनं एका पंख्याचं, लहान कार्ड काढलं. "हे कमी तापते. पण फिर पाऊस-बिऊस इतका बारीक नाही दिसणार, आंटी."

"पाऊस मी पाह्यला हाये."

तिथून पुढचं सगळं त्या एकाच गोष्टीवर जोखलं गेलं: माझ्या खोलीत चालेल का. प्रोसेसर कमी वीज खाणारा. कॅबिनेट म्हणजे सगळं बसवायची पेटी. आयुषनं आधी काचेची दाखवली, आत रंगीत दिवे फिरणारी. अंकुशला ती फार आवडली.

"समोरून तर सारी काच हाये. हा श्वास कुठून घेते?" कुसुमताईंनी विचारलं.

"बाजूनं. थोडा."

त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या, समोरून पूर्ण जाळीच्या पेटीकडे बोट दाखवलं. बेसा भागात चहूकडे बांधकामं, सिमेंटची धूळ उडते. त्या जाळीमागचं फिल्टर निघत होतं, धुता येत होतं.

"कूलरसारखं दिसून राहिलं ते," अंकुश म्हणाला.

"दिसू दे. कूलरच्याच खोलीत जाऊन राहिलं."

"पर कूलरच्या समोर नका ठेवू, आंटी," आयुषनं बजावलं. "ओली हवा आत गेली का मदरबोर्ड संपला."

कॉम्प्युटर आला. भिंतीवरच्या भोकांखाली टेबल लागलं. थंडीभर तो सुरळीत चालला. कुसुमताई घाटाच्या चौथ्या वळणापर्यंत पोचल्या. कधी तरी त्यांना दुकानातला तो थेंब आठवायचा. त्यांच्या पडद्यावर पाऊस नुसत्या पांढऱ्या रेघांचा होता. आठवण आली की त्या वेग वाढवत.

मे आला. दुपारी रस्ते ओस, लोक डोक्याला दुपट्टे बांधून निघत. कूलर खिडकीत घरघरत होता. त्याचा ओला झोत पलंगावर येईल असा त्यांनी वळवून ठेवला होता, कॉम्प्युटर दूर कोपऱ्यात. आणि एका सुट्टीच्या दुपारी, पाचव्या वळणाच्या तोंडाशी, पडदा विझला. पेटीचे पंखेही थांबले. कुसुमताईंनी जाळीवर हात ठेवला. तापानं फणफणलेल्या कपाळासारखी होती ती.

अंकुश दारात आला. "बंद पडला ना? तेव्हाच म्हटलं होतं."

मागून मेघा आली. "आई, आणा ना आमच्या खोलीत. तुम्हीसुद्धा बसा तिथंच, उकाड्यात कशाला? मी म्हणते, मे महिन्यापुरतं."

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "टीव्ही बी मे महिन्यापुरताच गेला होता वं."

मेघाची नजर भिंतीवर गेली. ती भोकं तिनं रोज पाहिली असणार. आज मोजल्यासारखी पाहिली. अंकुश म्हणाला, "आई, तू ना..."

"टीव्ही ठेवा तुमी," कुसुमताई म्हणाल्या. "मी मागून नाही राहिली. हा मातर इथंच राहीन."

त्यांनी पेचकस घेऊन पेटीची एक बाजू उघडी केली. मग कूलरच्या पाण्याचा पंप बंद केला, नुसता पंखा ठेवला. वाळ्याचा ओला वास हळूहळू विरला. वाळा सुकला तशी हवा कोरडी झाली, भट्टीच्या तोंडाची. तेव्हा कुठं त्यांनी कूलरचं तोंड पलंगावरून फिरवून कॉम्प्युटरकडे केलं. बसायची जागा आता त्याच झोतात होती.

"तू भाजून निघशील," अंकुश म्हणाला.

"निघू दे. दार लोटून घे जाता जाता."

दार लोटलं गेलं. या वेळी त्यांच्या सांगण्यावरून. कुसुमताईंनी दुपट्टा भिजवून, पिळून डोक्याला बांधला. पेटी निवेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या, जशा पूर्वी एखाद्याचा ताप उतरेपर्यंत बसत. मग बटण दाबलं. पंखे फिरले. घाट आला, पांढऱ्या रेघांचा पाऊस आला. पाचव्या वळणावर त्या पुन्हा दरीत गेल्या.

प्रश्न उमटला. घाम पापणीवरून डोळ्यात उतरत होता, पण त्यांनी तो पुसला नाही. बोट आधीच बटणावर होतं.