घाटावरचा चहा

आमच्या सिस्टरांचा गुडघा कधी दुखत नसे. तो बोलत असे. "आज लयच बोलून राह्यला," असं म्हणत राजूर घाटाच्या चढावर त्या गुडघ्यावर एक थाप मारायच्या, "बोलू द्या त्याले. आपण काऊन आयकावं?" म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली ही बाई दुसऱ्याची साधी शिंकही मनावर घ्यायची. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळं ज्ञान खुंटीला टांगलेलं.

सिस्टर देऊळघाटच्या. चाळिशी उलटल्यावर त्या धावायला लागल्या, आणि अशा लागल्या की मोठमोठ्या शहरांतल्या मॅरेथॉन करून आल्या. पण खरा जीव आमच्या घाटावर. दर रविवारी सकाळी बुलढाण्याहून घाट उतरायचा, खालच्या पुलाला हात लावायचा आणि तसंच धावत वर यायचं. एका बुद्धपौर्णिमेला तर घाट करून त्या थेट विहारात पोचल्या. अंगावर पांढरीशुभ्र साडी आणि पायात धुळीने माखलेले बूट. बायका हसल्या तर म्हणाल्या, "बाहीरच काढून राह्यली न मी बूट."

रविवारी धावणारा आमचा एक घोळकाच होता. त्यात शाळामास्तरीण म्हणून मी सर्वांत बोलकी आणि वजनाने सर्वांत भारी, त्यामुळे हमखास शेवटची. घाटाच्या वरच्या तोंडाशी गजूभाऊंची चहाची टपरी आहे. मी धापा टाकत तिथे पोचेपर्यंत मंडळी चहा पिऊन घरी गेलेली असायची. मी येणं सोडणारच होते. हे सिस्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फर्मान काढलं, की शेवटचा माणूस वर आल्याशिवाय कोणी कपाला हात लावायचा नाही. वर स्वतः पोचल्या की मला आणायला पुन्हा खाली यायच्या. "चाला मॅडम, त्या लोकायचा चहा तुमच्यापायी अडून राह्यला." पुढे गजूभाऊंनाही सवय लागली. हातात गाळणी धरून ते विचारायचे, "आले का सगळे?" आम्ही "हाव" म्हटल्यावरच चहा गाळायचे.

गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तर बाई नवे कोरे बूट घालून पलंगावर बसलेल्या. मी म्हटलं, "हे काय सिस्टर?" तर म्हणाल्या, "पायाले सवय पडू द्या न. मंग टाइम कोन घालवते?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, धावू नका. सिस्टरांनी ऐकलं, इतक्यात धावू नका. काही महिन्यांनी त्या चालत घाट चढून आल्या, सगळ्यांच्या मागून. त्या दिवशी त्यांच्याच नियमाने आम्ही सगळे त्यांच्यासाठी थांबलो होतो. त्या भलत्या खूश झाल्या. "आता समजलं मॅडम, शेवटच्याले किती मजा येते. सगळे आपल्याकडेच पाहून राह्यले असतात."

पुन्हा दुखणं, पुन्हा ऑपरेशन, आणि मग सांधाच बदलायची वेळ आली. दर वेळी तेच बूट पलंगाशी आणि तेच वाक्य, "या टायमाले मामला पक्का." मला ते दर वेळी खरं वाटायचं. त्यांच्यासमोर बसलं की खोटं वाटायची सोयच नव्हती.

सांधा बदलल्यावर त्या काठी घेऊन पहिल्यांदा येणार होत्या, तेव्हा आम्ही प्रेमात एक घोटाळा केला. टपरी वर असली की बाई घाट चढायचा हट्ट धरणार, त्यांना आता चढ कशाला, म्हणून आम्ही चहाच खाली नेला. गजूभाऊ, त्यांची शेगडी, पातेलं, कप असं सगळं गाडीत घालून घाटाखालच्या सपाट रस्त्याला. तिथे सतरंजी अंथरली, झेंडूचं तोरण बांधलं. सिस्टरांना मोटारीतून आणलं. त्या उतरल्या, तोरणाकडे पाहिलं, मग मान वर करून घाटाकडे पाहिलं.

"चहा खाली आनला तुमी?" एवढंच म्हणाल्या. चहा प्यायल्या, चांगला झाला म्हणाल्या, सगळ्यांची चौकशी केली. त्यांच्या लेकीने मला नंतर सांगितलं, आई घरातला जिना चढून-उतरून त्या रविवारची तयारी करत होती. तिला घाट चढून टपरीपर्यंत पायी यायचं होतं. ते ऐकल्यापासून ती सकाळ माझा पिच्छा सोडत नाही. दुपार झाली असती तर झाली असती. थांबायला तर त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

तो घाट त्यांना पुन्हा चढता आला नाही. सांध्यात जंतू झाले, बसवलेलं सगळं काढावं लागलं. लेकीकडे अकोल्याला जाताना त्या गजूभाऊंना म्हणाल्या, "शेगडी वरच राहू द्या आता. मी येतेच." आता पाय गुडघ्यात वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी एकदा उघडून पाहू, पण फार आशा ठेवू नका. सिस्टर एका पायावर तयार आहेत. लेक सांगते, बूट पलंगाशी आहेत.

दर रविवारी आम्ही टपरीवर पोचलो की त्यांचा फोन येतो. "आले का सगळे?" मी "हाव" म्हणते. "प्या मंग," म्हणून त्या फोन ठेवतात.

गेल्या रविवारीही फोन आला. गजूभाऊ गाळणी घेऊन उभे होते, मंडळी कप धरून बसली होती. "आले का सगळे?" सिस्टरांनी विचारलं. माझ्या तोंडून "हाव" निघेचना.

"नाही सिस्टर," मी म्हटलं. "एक माणूस अजून खालीच आहे."

मग त्या म्हणाल्या, "मंग थांबा न, मॅडम."

गजूभाऊंनी गाळणी खाली ठेवली आणि शेगडी बारीक केली.