सुगंधाकाकीचं मौन आणि नीरजाची बाटली

आमच्या सुगंधाकाकीला पाण्याचं व्यसन होतं. प्यायचं नव्हे, घालायचं. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, ताक दाट वाटलं की ताकात पाणी, शेजारणीच्या फुलदाणीतसुद्धा पाणी. "घालू काय वायच पाणी?" असं ती विचारायची आणि उत्तर यायच्या आत तांब्या कललेला असायचा. बोलणंही तसंच, अखंड. काकांना लग्नानंतर एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही, असं आमचं सारं मसुरं गाव म्हणायचं.

वर्षातून एकच दिवस ती गप्प असे, तो भराडी देवीच्या जत्रेचा. आम्ही आंगणे, देवी आमच्याच वाडीची. आमच्या घरच्या बायका देवीचा प्रसाद मौन पाळून रांधतात. प्रसादाची ताटं देवळाकडे निघेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काका म्हणायचे, "देवी पावता ती अशी."

सत्त्याऐंशीच्या जत्रेला माझी धाकटी बहीण नीरजा मुंबईहून आली, ती छातीशी एक बाटली धरून. ती यीस्टवर संशोधन करत होती. माडी आंबते, पाव फुगतो तो ज्या बारीक जिवांमुळे, ते यीस्ट. त्याच्या प्रत्येक पेशीला भिंत असते, साखरेच्या साखळ्यांनी विणलेली. भिंतीच्या वरच्या थरात प्रथिनं असतात. त्यातली काही प्रथिनं साखळ्यांची टोकं एकमेकांना जोडून ठेवतात. पेशी वाढताना, तिला अंकुर फुटताना भिंत सैल होते, तेव्हा ती पुन्हा घट्टही करतात. नीरजा म्हणाली, "आपल्या गडग्यासारखं. ढासळलेला दगड परत बसवणारा गडी नसेल, तर गडगा किती पावसाळे टिकेल?"

तिच्या यीस्टमध्ये असलं एक प्रथिन बिघडलेलं होतं. त्यामुळे भिंत कच्ची. साखरेच्या दाट पाण्यात ते तग धरायचं. साधं पाणी मिसळलं की ते आत शिरून पेशी फुगायची आणि फुटायची. प्रयोगशाळेतल्या बाकीच्या बाटल्या बुरशीने गेल्या होत्या, म्हणून ही शेवटची बाटली नीरजा कुणाच्या भरवशावर ठेवायला तयार नव्हती. ही गेली की तिची सगळी पीएचडी गेली. तिने बाटली स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवली आणि आम्ही देवळाकडे गेलो. काकी तेव्हा चुलीपुढे मौनात बसली होती. तिला पाण्याचं सांगून ठेवावं, हे आम्हा दोघा शहाण्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी परतलो तर कोनाडा रिकामा. बाटली सापडली पडवीत, पाण्याच्या हंड्याला टेकून. नीरजा ती घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी धावली. "काकी, हेका काय केलंस?"

काकीने आधी बाटलीकडे बोट केलं, मग हंड्याकडे, आणि तांब्या कलवावा तसा हात कलवला.

नीरजाने बाटली माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरली. आतलं पाणी गढूळ, ते आधीपासूनच तसं. आधी किती होतं, ते नीरजालाही आठवेना. काकीला पुन्हा विचारावं तर तिने चुलीकडे तोंड वळवलं. देवीपुढे आमचं काय चालणार? मला काकीचा राग आला, आणि प्रसादाच्या दिवशी राग आला म्हणून स्वतःचाही. नीरजा पडवीत बसून मुकाट रडत होती.

अखेर ताटं निघाली. काकी पदराने कपाळ पुशीत बाहेर आली आणि दिवसभराचं तुंबलेलं बोलणं सुटलं.

"गो, रडतंस कित्याक? त्या बाटलेक आंबूस वास येय होतो. देवीच्या प्रसादाकडे कशी ठेवतलंय? म्हणान भायर नेऊन ठेवलंय. तर आतला पाणी कमी दिसला. एसटीत सांडला असतला. म्हणान तुका इचारी होतंय, घालू काय?"

नीरजाने डोळे पुसले. "म्हणजे तू घातलंस नाय?"

"तोंड उघडूक येना, तर घालतलंय कसा?" काकी म्हणाली. "इचारल्याबिगर कोणाच्या वस्तूत मी कधी पाणी घातलंय काय?"

आमचा जीव भांड्यात पडला. नीरजा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने काकीला मिठी मारली. मीसुद्धा देवळाच्या दिशेने हात जोडले. काकीची जीभ बांधली की तिचा हातही बांधला जातो, हे त्या दिवशी मला कळलं.

मिठी सुटली तशी काकीने हंड्यावरचा तांब्या उचलला.

"मगे आता घालू काय वायच?"

तांब्या कलायच्या आत मी बाटली घेऊन अंगणात पळालो होतो.